अर्थिंगची पट्टी

आमच्या दारात जीप आली ती १९९७ च्या दिवाळीत. जुनी, डिझेलवरची, आधी दोन मालकांच्या हाताखालून गेलेली. खटाव तालुक्यातलं आमचं गाव. पाऊस बेताचा. बटाटा, कांदा आणि विहिरीला पाणी असलं तर थोडा ऊस. माल कराडला न्यायचा म्हटलं की टेम्पोवाल्याच्या दारात दोन-दोन दिवस हेलपाटे. म्हणून कर्ज काढून गाडी घेतली. गाडीत माणसं बसली ती नंतर, आधी पोती बसली. पण एकदा दारात गाडी म्हटली की ती एका घराची राहत नाही. बाळंतीण न्यायची, विंचू चावलेला न्यायचा, नवरी आणायची, सगळं आमच्या जीपमधून.

त्या गाडीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा सेल्फ. चावी फिरवली की घर्र करून इंजिन उठायचं. शहरातल्या माणसाला यात काय वाटणार? पण मी हँडलच्या जमान्यातला. ७२ च्या दुष्काळानंतर वडिलांनी विहीर खोल केली आणि तिच्यावर ऑइल इंजिन बसवलं. त्याला हँडल मारावं लागायचं. एका हातानं वरची दांडी उचलून धरायची म्हणजे आतला दाब सुटतो, दुसऱ्या हातानं हँडल गरागरा फिरवायचं आणि चाकानं वेग घेतला की दांडी सोडायची. इंजिन पेटलं की हँडल त्याच क्षणी हातातून सुटलं पाहिजे. नाही सुटलं, किंवा इंजिन उलटं फिरलं, की हँडल मनगटावर बसतं. वडिलांच्या मनगटावर ते बसलं. हाड मोडलं, ते नीट जुळलंच नाही. पुढं त्या हातानं त्यांना कासरा ओढता येईना. १९७६ ला मी दहावी झालो आणि शाळा सुटली, त्याला एक कारण ते मनगटही होतं.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरनं विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि १९१२ साली तो कॅडिलॅक गाडीला बसला, असं मी पुढं एका पुस्तकात वाचलं. त्यानंतर साठ वर्षं उलटून गेली तरी आमच्या विहिरीवर हँडलच होतं. तर ते असो.

सांगायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगायला मला वीस वर्षं लागली.

आमच्याकडं एक सालगडी होता. बारा-तेरा सालं झाली असतील. त्याचा थोरला पोरगा सोळा-सतरा वर्षांचा. नाव लिहीत नाही, आता तो बायका-पोरांचा बाप आहे. पोराला यंत्राचं भारी वेड. गाडी धुवायची, बॅटरीत पाणी घालायचं, चाकात हवा बघायची, सगळं तो न सांगता करायचा. माझ्या शेजारी बसून इंजिनाच्या आवाजाकडं कान लावायचा. त्या वेळी भारनियमन भयंकर. २००३ च्या मार्चमध्ये वर्ल्डकपची फायनल होती, आपली आणि ऑस्ट्रेलियाची. गावात लाईट नाही. मीच त्याला सांगितलं, गाडीची बॅटरी काढ आणि बारका टीव्ही लाव. अर्धं गाव आमच्या सोप्यात बसलं होतं. आपण हरलो, पण पोराची बॅटरी शेवटपर्यंत टिकली म्हणून सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. ही बॅटरी पुढं त्याच्या डोक्यावर बसणार हे कुणाला ठाऊक!

त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी मी गाडीची डागडुजी काढली. चेसीवर गंज चढला होता. ब्रश घेऊन दोन हात काळा ऑइलपेंट मारला. पोरगा डबा धरून उभा. इंजिनाच्या अंगावरून चेसीला एक विणलेली तांब्याची पट्टी गेलेली असते, ती रंगाच्या आड येत होती. तिचा बोल्ट मी माझ्या हातानं खोलला आणि रंग वाळल्यावर माझ्याच हातानं आवळला. पोरगा म्हणाला होता, "द्या अण्णा, मी आवळतो." मी पाना दिला नाही. पाना म्हणजे मालकाची वस्तू. दसऱ्याला नवीन बॅटरीही घातली. गाडीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. सगळं झकास.

दिवाळी सरली, थंडी पडली आणि गाडी नखरे करू लागली. सकाळी चावी फिरवावी तर नुसता 'टक' असा आवाज, पुढं काही नाही. दोन-चार वेळा टक-टक झालं की कधी एकदम उठायची, कधी उठायचीच नाही. मग मी गाडी शाळेजवळच्या उतारावर लावायला लागलो. सोडली उतारावर, दुसऱ्या गिअरात क्लच सोडला की इंजिन धरायचं. गावाकडं सगळ्या जुन्या गाड्या उतारावरच मुक्कामाला असतात.

एक दिवस पोरगा मला म्हणाला, "अण्णा, सेल मारताना ष्टॉपरची केबल गरम लागतीया. हात लावून बगा."

जुन्या डिझेल गाडीला इंजिन बंद करायची एक खुंटी असते, ती ओढली की बारीक केबल इंजिनापर्यंत ओढली जाते. तो ष्टॉपर. मी म्हणालो, "इंजिन गरम तर केबल गरम. शाणपणा नगं." पण इंजिन तर तेव्हा सुरूच झालेलं नव्हतं, गार होतं. हे माझ्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर मी ध्यानात घेतलंच नाही.

डिसेंबरातली रात्र. आईला दमा होता. दीड-दोनच्या सुमाराला तिला धाप लागली, ती थांबेना. ओठ निळे पडायला लागले. त्या दिवशी कांद्याची पोती भरायची म्हणून गाडी उतारावर न लावता खळ्यात, सपाटीला उभी होती. आईला मागच्या बाकावर टेकवली, मंडळी तिला धरून बसली. मी दिवे लावले, चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. गडी उठून आला, पोरगा आला, शेजारची माणसं आली. आतून आईचा तो श्वासाचा आवाज.

मी खाली उतरलो आणि पोराला विचारलं, "रातचा टीव्ही लावला हुता का बॅटरीवर? खरं सांग."

"न्हाय अण्णा. म्या हात बी लावला न्हाय."

"मग नवी बॅटरी उतरली कशी? आँ?"

आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन. सगळ्यांसमोर. त्याच्या बापासमोर. बाप काही बोलला नाही. खाली बघत राहिला.

मग आठ-नऊ जणांनी धक्का मारला. खळ्यातली माती मऊ, चाकं रुतायची. अर्धा तास गेला. रस्त्याला लागल्यावर गाडीनं धरलं. धक्का मारणाऱ्यांत तो पोरगाही होता, सगळ्यात पुढं. आई दवाखान्यात पोचली, नळी लागली, वाचली. पुढं २००७ पर्यंत होती. पण सकाळी मी घरी आलो तेव्हा पोरगा निघून गेला होता. पहिल्या एसटीनं, मामाच्या गावाला.

गाडी मी एका गॅरेजात नेली. मिस्त्रीनं टक आवाज ऐकला आणि म्हणाला, सोलेनॉइड गेला. नवा घातला. चार-पाच दिवस गाडी चांगली उठली. मला वाटलं झालं काम. पण पुन्हा टक. मग म्हणाला, सेल्फच गेला, आर्मेचर जळालंय. सेल्फ बदलला. पुन्हा आठ दिवस बरे, पुन्हा टक. तोपर्यंत साडेचार हजार गेले होते. त्या मिस्त्रीला मी दोष देत नाही. मी पोराला जे केलं तेच त्यानं सेल्फला केलं. तपासलं नाही, बदललं.

फेब्रुवारीत कुणीतरी कराडच्या एका म्हाताऱ्या चाचांचं नाव सांगितलं. वाइंडिंगचं काम करायचे, पत्र्याच्या टपरीत. गाडी टपरीपुढं उभी केली. चाचांनी पाना हातात घेतलाच नाही. स्टूलवर बसून चहा सांगितला आणि मला म्हणाले, "आधी आवाज सांगा. कसा येतो?"

मी म्हणालो, टक.

"एकच टक का कट-कट-कट?"

त्या दिवशी चाचांनी मला जे शिकवलं ते मी आजवर विसरलेलो नाही. चावी फिरवली की बारीक वायरनं करंट सोलेनॉइडला जातो. सोलेनॉइड म्हणजे एक लोहचुंबक. तो आतला दांडा ओढतो. दांडा दोन कामं करतो. एका टोकाला काटा असतो, तो बेंडिक्सचं दातरं पुढं ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो. दुसऱ्या टोकाला तांब्याची चकती असते, ती दोन जाड बोल्टवर जाऊन बसते आणि बॅटरीचा सगळा जोर मोटारीला मिळतो. टक आवाज म्हणजे दांडा ओढला गेला. पुढचं काम का झालं नाही ते शोधायचं.

चावी फिरवून काहीच आवाज नाही, तर बॅटरीचे टर्मिनल, चावीचा स्विच आणि बारीक वायर बघायची. भराभर कट-कट-कट वाजलं, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनलला पांढरी बुरशी धरलेली. चकती बसली की मोटार करंट ओढते, व्होल्टेज पडतं, चुंबक सुटतो, पुन्हा ओढतो, म्हणून तसा आवाज. नुसता घर्रर्र आवाज आला आणि इंजिन फिरलं नाही, तर बेंडिक्स घसरतोय. खरखर आली तर दाते गेले. मोटार जड-जड फिरली तर बॅटरी, केबल नाहीतर आतले बुश झिजून आर्मेचर घासतंय. आणि एकच ठसठशीत टक आला, तर चकती जळालेली असेल, कार्बन संपले असतील, किंवा करंटची वाट कुठंतरी अडलेली असेल.

"आता दिवे लावा," चाचा म्हणाले. "आणि सेल्फ मारा. मी दिव्याकडं बघतो."

मी मारला. टक.

"दिवा मंद झाला का?"

"न्हाय."

"अजाबात न्हाय झाला. बॅटरी उतरली असती तर सेल्फ मारताच दिवा काजव्यागत झाला असता. दिवा ढणाढणा जळतोय म्हंजे बॅटरीत माल हाय, पर मोटारीनं त्यो घेतलाच न्हाय. वाट बंद हाय."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो तसाच बसलो. मला ती रात्र आठवली. मी दिवे लावूनच चावी फिरवली होती. दिवे जराही मंद झाले नव्हते. त्या ढणाढणा दिव्यांच्या उजेडातच मी पोराला मारलं होतं. त्याच्या गालावरची माझी बोटं मला दिसली होती ती त्याच बॅटरीच्या उजेडात, जी त्यानं उतरवली असं मी म्हणत होतो.

चाचांना हे काही माहीत नव्हतं. त्यांनी मीटर काढला. बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर धरला, साडेबाराच्या वर व्होल्ट. सेल्फ मारला तरी काटा फारसा हलेना. "चांगल्या बॅटरीवर सेल्फ फिरला तरी काटा साधारण दहाच्या खाली जाऊ नये," ते म्हणाले. "हितं तर पडतच न्हाय." मग मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ मारला. काटा जागचा हलला नाही. म्हणजे जायची वाट चांगली. मग एक वायर बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या अंगाला. सेल्फ मारला आणि काटा टुणकन उडाला.

"हितं अर्ध्या व्होल्टाच्या वर काटा जाता कामा नये. जातोय केवढा बगा. करंटला जायला वाट हाय, परत यायला न्हाय. अर्थिंग गेलंय." आणि मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "सेल मारताना ष्टॉपरची केबल गरम लागायची का हो?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"लागत असणार," चाचाच म्हणाले. "जाड पट्टीतनं परत यायला मिळंना की करंट मिळंल त्या बारक्या वाटंनं येतो. केबलनं, क्लचच्या तारंनं. ती बिचारी तापती. तिची ताकद न्हाय तेवढी."

गाडीखाली शिरून त्यांनी ती तांब्याची पट्टी काढली. तिच्याखाली काळा ऑइलपेंट, दोन हातांचा, छान चकचकीत. रंगातून करंट जात नाही. इतके दिवस बोल्टच्या आट्यांवर जे काय चाललं होतं ते चाललं, मग तिथंही गंज चढला. गॅरेजात सेल्फ काढताना प्रत्येक वेळी पट्टी हलायची, चार दिवस टेकायची, पुन्हा सुटायची. चाचांनी बॅटरीची मायनस वायर आधी सोडवली, पॉलिशपेपरनं चेसीवरची जागा घासून पांढरीशुभ्र केली, नवी पट्टी आवळली आणि वरून ग्रीस लावलं. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या दिवसासारखी उठली. पट्टीचे साठ रुपये आणि मजुरी पन्नास. शंभराच्या दोन नोटा दिल्या तर त्यांनी नव्वद परत केले.

"रंग कुणी मारलता?" चाचांनी विचारलं.

"मीच."

"चांगला मारलाय," ते म्हणाले आणि हसले.

घरी येऊन मी गड्याला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. तो तंबाखू मळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "त्यो बी तेच म्हनत हुता अण्णा, केबल गरम हुतीया म्हनून." एवढंच. उचल फेडायची होती म्हणून तो पाडव्यापर्यंत राहिला. पाडव्याला मी पुढच्या सालाचा विषय काढला, पगार वाढवतो म्हणालो. तो म्हणाला, "साल भरलं. बास आता." दुसऱ्या दिवशी बैलगाडीत भांडीकुंडी भरली आणि बायकोच्या माहेरी, माणदेशात निघून गेला. बैलगाडी आमचीच होती. मी हाकायला जाऊ का म्हणालो तर नको म्हणाला.

त्या रात्री मंडळी मला म्हणाली, "पोराला मारलं तवा सगळी आळी हुती. माफी मातुर एकट्याला बाजूला घिऊन मागितली. आसं कसं?"

मला उत्तर आलं नाही. पारावर जाऊन सांगावं असं चार वेळा मनात आलं. चारही वेळा दुसऱ्याच गोष्टी बोलून परत आलो. गावात लोकांची समजूत तशीच राहिली, की गड्याच्या पोरानं टीव्ही लावून बॅटरी उतरवली आणि म्हातारी मरता मरता वाचली.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तो भेटला. बैलांच्या बाजारात. अंग भरलेलं, मिशा आलेल्या, कडेवर पोरगी. पुण्याकडं कुठल्याशा कारखान्यात लागला होता. "अण्णा," म्हणून वाकला, पाया पडला. मी त्याला वर उठवलं. बाकी काही सुचलं नाही, एकदम म्हणालो, "ती केबल खरंच गरम हुत हुती रं. अर्थिंग गेलतं. माझ्याच हातानं."

तो म्हणाला, "मला ठावं हुतं अण्णा. बा नं सांगितलं."

मग थोडा थांबला. पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि विचारलं, "गावात ठावं हाय का कुणाला?"

मी मान हलवली. नाही म्हणून. त्यानं पुढं काही विचारलं नाही. पोरीला गुडीशेव घ्यायची होती, ती हट्ट करत होती. तो गर्दीत गेला.

जीप २०१५ ला भंगारात गेली. आता दारात मुलाची गाडी आहे. ती कधी नाही उठली की पोरं लगेच म्हणतात, बॅटरी बदला. मी म्हणतो, थांबा. गिअर न्यूट्रल आहे का बघा, हँडब्रेक ओढा, दिवे लावा, मग सेल्फ मारा आणि दिव्याकडं बघा. मग मीटर आणा. आधी जायची वाट तपासा, मग यायची वाट तपासा. बदलायचं ते सगळ्यात शेवटी. पोरं हसतात, म्हाताऱ्याचा नाद म्हणतात. हसू देत.

हे पुस्तक आमच्या गावच्या वाचनालयात जाणार आहे. त्या रात्री खळ्यात जे होते त्यातले पाच-सहा जण अजून आहेत, ते पेपर वाचायला तिथं येतात. त्यांच्यासाठी लिहितो. बॅटरी पोरानं उतरवली नव्हती. बॅटरी उतरलीच नव्हती. चेसीला रंग मी मारला होता आणि पट्टी मी आवळली होती.